छातीतले बारीक आवाज

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

आज सकाळपासून नुसते खोकले. तीन कुत्री, एक मांजर, आणि त्यांना घेऊन आलेली माणसंही खोकतच. दवाखान्यासमोरचा रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून दिवाळीत उखडला, तो तसाच पडलाय. गारखेड्यातली सगळी धूळ आमच्या दारातून आत येते. पाणी शिंपडावं तर नळाला चौथ्या दिवशी पाणी. टाकी भरायची की रस्ता भिजवायचा?

शेवटी नवाबपुऱ्याहून शाहेदा आपा आल्या. वीस वर्षांची ओळख. बास्केटमध्ये पांढरं मांजर. रात्रभर मान लांब करून बसतं, खोकतं, असं सांगत होत्या. मी छाती तपासली. साफ वाटली. तसं सांगितलं तर आपा माझ्याकडे बघतच राहिल्या.

"डॉक्टरसाब, सीटी बजरी ना इसके सीने में. मैं इत्ती दूर बैठ के सुनरी. आपकू नै सुनाई देरी?"

मी म्हणालो, शेजारच्या बांधकामावर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू आहे ना. ब्रेकर चालू होता, हे खरं. पण आपांच्या कानांनाही तोच ब्रेकर होता.

११ फेब्रुवारी, गुरुवार

मांजराचा एक्स-रे काढला. श्वासनळ्यांच्या भिंती जाड झालेल्या, गोल गोल कड्या दिसतात. दमा. शंकाच नाही. म्हणजे शिट्टी वाजत होती, आणि मोठ्यानं वाजत होती.

लहान मुलांच्या मास्कमधून पंप कसा द्यायचा ते आपांना करून दाखवलं. मांजर ओरबाडणार, तुम्ही धीर सोडू नका म्हणालो. त्या हसल्या. चार सुनांना सांभाळते, म्हणाल्या, हिचं काय.

जुना स्टेथोस्कोप खराब झाला असणार. नवा मागवला.

१७ फेब्रुवारी

नवा स्टेथोस्कोप आला. हृदयाचे ठोके सुरेख ऐकू येतात. बाकी तेच.

२८ फेब्रुवारी, रविवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही.

चतुराबाई एकवीस वर्षं माझ्याकडे जनावरं धरतात. शिक्षण चौथी, पण धनगराघरचा जन्म; चवताळलेल्या कुत्र्यालाही गोंजारून टेबलावर घेतील. ताप बघणं हे त्यांचंच काम. थर्मामीटर लावतात, तो वाजला की काढून माझ्यासमोर धरतात. आज त्या हात पुसायला बाजूला गेल्या आणि थर्मामीटर माझ्या हातात राहिला. मी वाट बघत उभा. किती वेळ! शेवटी कुत्र्याचा मालकच म्हणाला, अहो डॉक्टर, कधीचा वाजून गेला तो.

म्हणजे तो वाजतो हे मला कानानं कळत नव्हतं. बाईंचा हात हलला की मला कळत होतं. किती वर्षांपासून?

ठोके ऐकू येतात, माणसाचं बोलणं ऐकू येतं, ट्रक ऐकू येतो. फक्त बारीक आवाज गेले. शिट्टी. फुप्फुसात पाणी असलं की केस चिमटीत चोळल्यासारखा येतो, तो आवाज. आणि माझा सगळा धंदाच त्या आवाजांवर! चौतीस वर्षं लोक म्हणत आले, छातीचं दुखणं असेल तर यांच्याकडेच न्या.

हिला सांगितलं नाही. टीव्ही मोठा लावतो म्हणून ती आधीच म्हणते, कान दाखवून या एकदा.

८ मार्च, मंगळवार

आता मी एक रीत पाडली आहे. छाती ऐकायची म्हटलं की कूलर बंद, पंखा बंद, दार लावायचं, कुणी बोलायचं नाही. डोळे मिटून ऐकतो. पूर्वी दोन मिनिटं लागायची, आता सहा-सात लागतात. ऐकू काही येत नाहीच. पण न ऐकता लिहायची लाज वाटते, म्हणून वेळ घेतो.

गंमत म्हणजे लोक खूश आहेत. आजच एक बाई दुसरीला सांगत होत्या, काय मन लावून तपासतात हो!

२२ मार्च, मंगळवार

आज मी वाईट वागलो.

गेला महिनाभर बघतोय, लोक आपणहून छातीचा फोटो काढू का म्हणतात. मला राग यायचा. वाटायचं, मोबाइलवर वाचून येतात आणि आम्हाला शिकवतात. आज एका लॅब्रेडॉरची छाती साफ म्हणून मी खोकल्याचं औषध देऊन पाठवला. तासाभरात मालक एक्स-रे घेऊन परत. उजव्या बाजूला न्यूमोनिया, कुणालाही दिसेल असा. मी विचारलं, फोटो काढायला कुणी सांगितलं? तर म्हणाला, तुमच्या मावशींनी, फाटकापाशी.

बाईंना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. "बरगडीवर हात ठेवला की घरघर हाताला लागती, डाक्टर. तुमी साफ म्हन्ता. मंग मी काय करू?"

याला खरं उत्तर होतं. ते न देता मी आवाज चढवला. तुमचं काम जनावर धरायचं, फाटकात उभं राहून डॉक्टरकी करायची नाही! दोन माणसं बाकड्यावर बसलेली होती, त्यांच्यासमोर. बाई आत जाऊन लॅब्रेडॉरला धरून उभ्या राहिल्या. संध्याकाळी नेहमीसारखी फरशी पुसून गेल्या.

लॅब्रेडॉर वाचेल. माझ्यामुळे नाही.

२३ मार्च

बाई फाटकात कुणाशी बोलल्या नाहीत. सांगितलेलं ऐकणारं माणूस!

१३ एप्रिल, बुधवार

लातूरला काल रेल्वेनं पाणी गेलं. पेपरात पहिल्या पानावर फोटो. आमच्या दवाखान्यात एक ड्रम भरलेला, त्यातच आठवडा काढायचा. टेबल पुसायचं पाणी बाई कूलरमध्ये ओततात.

पैठण रोडहून काकासाहेब आले होते. माझ्याच वयाचे. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर रस्त्याला बंगला बांधलाय. नातीच्या हट्टानं पग घेतला, नाव ठेवलं सुलतान. एवढंसं कुत्रं, नाक आत दबलेलं, घोरणं मात्र खरोखर सुलतानाचं. नात संस्कृती, तिसरीतली, त्याला कडेवरून खाली ठेवत नव्हती. मी त्यांना नीट समजावलं. या जातीच्या नाकपुड्याच अरुंद, घशाचा पडदा लांब. कुत्रं घामानं नाही, धापा टाकून अंग गार करतं. याला धापच पुरती टाकता येत नाही. उन्हाळ्यात घरात ठेवा. हिवाळ्यात नाकपुड्या मोठ्या करायचं छोटं ऑपरेशन करू.

काकासाहेब म्हणाले, वावर गेलं तवापासून घरात ह्याचाच आवाज हाय, डाक्टर. हसत म्हणाले. पण हसण्यासारखं नव्हतं ते.

२ मे, सोमवार

पारा त्रेचाळीसवर. कंटाळा आलाय सगळ्याचा. खोकल्याचा, धुळीचा, स्वतःच्या सोंगाचा.

६ मे, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, निदान इथं तरी.

काल सकाळीच बाईंचा फोन आला. मुकुंदवाडीत टँकर आलाय, रांगेत उभी आहे, दोन वाजतील. साडेबाराला काकासाहेबांची गाडी आली. संस्कृतीच्या हातात सुलतान, जीभ बाहेर, जांभळट झालेली, घशातून करवत चालल्यासारखा आवाज. असं कुत्रं भर उन्हाळ्यात दारात आलं की काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आधी ताप बघा, अंगावर पाणी, कूलरसमोर ठेवा, ऑक्सिजन लावा. छाती तपासायची ती मागाहून.

मी काय केलं? मला वाटलं, छातीत पाणी तर नाही? आज ऐकायचंच. बाई नाहीत, त्यांचा हात नाही, आपल्या कानांनीच ठरवायचं. कूलर बंद केला. पंखा बंद केला. दार लावलं. संस्कृतीला म्हणालो, अजिबात बोलू नकोस. आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिलो. त्रेचाळीस डिग्रीत, बंद खोलीत, पगच्या अंगावर हात दाबून. सहा मिनिटं? आठ? धापा टाकणाऱ्या पगच्या छातीतलं चांगल्या कानालाही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. तरी ऐकत राहिलो.

मध्येच विचारलं, सकाळी पळवलं होतं का याला? पोरगी म्हणाली, व्हय, अंगणात बॉल टाकला थोडा वेळ. मी म्हणालो, उन्हात पळवायचं नसतं बेटा.

मग तो टेबलावर बसला आणि आडवा झाला. तेव्हा ताप बघितला. एकशे आठच्या वर. ड्रममधलं पाणी कोमट. लशींच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्या काखेत, मांड्यांत लावल्या. कूलर लावला, ऑक्सिजन दिला, घशात नळी घातली. एक वाजून वीस मिनिटांनी संपला.

काकासाहेबांनी हात जोडले. म्हणाले, तुम्ही लई केलं डाक्टर. आणि मी म्हणालो — हे मी म्हणालो — आणायला जरा उशीर झाला.

पोरगी रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत होती.

७ मे

सुलतानच्या कागदावर "उष्माघात" लिहिलं. खोटं नाही ते.

९ मे, सोमवार

बाईंनी विचारलं, आल्या आल्या ताप किती होता? म्हणालो, बघायला वेळच मिळाला नाही. त्या टेबल पुसत होत्या. पुसायच्या थांबल्या, मग परत पुसू लागल्या.

१४ मे, शनिवार

काकासाहेब एकटेच आले. कुत्रं नाही, मांजर नाही, पायरीवर चप्पल काढून बाकड्यावर बसून राहिले. मी आत बोलावलं.

संस्कृती जेवत नाही. चार-चार वेळा हाक मारावी तेव्हा ओ देते. बॉल नेऊन कोरड्या विहिरीत टाकला तिनं. आईनं जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, मी पळवला म्हणून सुलतान मेला, डॉक्टर काका म्हणाले.

"तुमीच सांगितलं म्हून तिला ते पक्कं बसलंय," काकासाहेब म्हणाले. "आता तुमीच येऊन समजवा. आमचं कुनाचं ऐकंना."

मला दोष देत नव्हते ते. विनंती करत होते. मी म्हणालो, येतो. उद्याच येतो.

१५ मे

गेलो नाही.

१७ मे

गेलो नाही. सकाळी कपडे करून निघालो होतो. बीड बायपासला गाडी वळवली आणि घरी आलो. हिनं विचारलं, काय विसरलं? काही नाही म्हणालो.

१९ मे, गुरुवार

स्वतःशीच हिशेब मांडतोय. आल्या आल्या थंड केला असता तर सुलतान वाचला असता का? नक्की कुणीच सांगू शकणार नाही. टेबलावर ठेवला तेव्हा पायांवर उभा होता, शेपटी हलवत होता. असे मी कितीतरी वाचवलेत. वाचला असता, असंच मला वाटतं.

समजवायला जायचं म्हणजे काय? नुसतं, बाळा तुझी चूक नाही, म्हणायचं? ती विचारणार, मग कुणाची? ती तसलीच पोरगी आहे. मग मी काय, उन्हाची म्हणणार? आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर माझं ओझं ठेवून मी दोन आठवडे जेवतोय, झोपतोय, दवाखाना चालवतोय. लाज वाटते. पण खरं सांगितलं तर चौतीस वर्षं एका दुपारीत संपतील, याचीही भीती वाटते. दोन्ही एकदम वाटतं.

२१ मे, शनिवार

दुपारी कुणी नव्हतं. बाईंना समोर बसवलं आणि सांगितलं. कान गेल्याचं, कूलर बंद केल्याचं, सगळं. मार्चमध्ये चारचौघांत बोललो त्याचीही माफी मागितली.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "कानाचं मला ठावं होतं. धा साल तरी झाली. तुमी मनाला लावून घ्याल म्हून नाय बोलले." आणि उठता उठता, "मला सांगून काय उपेग? त्या लेकराला सांगा."

२२ मे, रविवार

गेलो.

बंगल्याच्या ओट्यावर सगळे बसले होते. काकासाहेबांनी खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. संस्कृतीला हाक मारली. ती दाराला टेकून उभी राहिली. वाळलीये पोरगी.

मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. एकही कामाला आलं नाही. म्हणालो, संस्कृती, तू पळवलंस म्हणून सुलतान गेला नाही. थोडं खेळल्यानं त्याला धाप लागली होती, तेवढं मी थांबवू शकलो असतो. त्याला लगेच गार करायला पाहिजे होतं. मी उलट कूलर बंद केला. चूक माझी झाली.

तिनंच विचारलं, "कूलर का बंद केला?"

"मला त्याच्या छातीतला आवाज ऐकायचा होता. मला नीट ऐकू येत नाही."

"मंग सांगायचं ना."

रागानं नाही. शाळेतल्या बाई वर्गात सांगतात तसं, सरळ. मी मान हलवली. ती म्हणाली, म्हंजे बॉलमुळं नाय? मी म्हणालो, नाही. परत विचारलं. परत सांगितलं. मग ती खाली बसली, फरशीवरच, आणि त्या दिवशी रडली नव्हती ते सगळं रडली. आई येऊन तिला आत घेऊन गेली.

काकासाहेब समोर रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असं वाटत होतं. ते म्हणाले, "उशीर झाला म्हनले व्हते तुमी. मी रोज तेच घोकतोय. गाडीत डिझेल भराया थांबलो नस्तो तर, म्हून."

एवढंच. त्यांच्याबद्दल तर मी विचारच केला नव्हता! नातीचं ओझं मला दिसलं, आजोबाचं दिसलंच नाही. मी उठून उभा राहिलो आणि त्यांना म्हणालो, उशीर झाला नव्हता. चहा आला तो कुणी प्यायला नाही. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले नाहीत, आणि बरोबरच आहे.

२५ मे, बुधवार

काकासाहेबांच्या सुनेचा फोन. संस्कृतीनं दोन भाकरी खाल्ल्या, एवढंच सांगायला केला होता. काकासाहेब कसे आहेत विचारलं. म्हणाली, बोलत नाहीत.

३० मे, सोमवार

हिला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. म्हणाली, उद्या कानाच्या डॉक्टरकडे, आणि मी येणार बरोबर.

३१ मे, मंगळवार

काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले. आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो होतो, मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. काचेपलीकडे हिचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, सुरू होऊन अर्धं झालंय.

कागदावर रेघ डावीकडे सरळ जाते आणि उजवीकडे दरीत कोसळते. बारीक आवाज सगळे त्या दरीत. वय, म्हणाले डॉक्टर. आणि चौतीस वर्षं भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या तोंडाशी कान! मशीन बसवता येईल, दहा-बारा दिवसांत.

३ जून, शुक्रवार

दवाखान्यात भिंतीवर कागद लावला, माझ्याच अक्षरात: डॉक्टरांना कमी ऐकू येते. छातीच्या आजाराला एक्स-रे काढला जाईल. धाप लागलेल्या जनावराला आधी गार केले जाईल. चतुराबाईंनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मग म्हणाल्या, लई बारीक लिवलं, मोठं करा.

आता रीत अशी. बाईंचा हात आधी, मग माझा स्टेथोस्कोप, मग फोटो. कूलर चालूच. कागद वाचून दोन माणसं आल्या पावली परत गेली. उरलेली बसली.

८ जून, बुधवार

शाहेदा आपा मांजर घेऊन आल्या. पंप चांगला लागू पडलाय, वजन वाढलंय. भिंतीवरचा कागद त्यांनी नातवाकडून वाचून घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली.

थकलो आहे. पण निराळा थकवा. ओझं उतरवल्यावर पाय दुखतात, तसा.

११ जून

मशीन मिळालं. दवाखान्यात थर्मामीटर वाजला आणि मी दचकलो. बाई हसल्या!

१२ जून, रविवार

सकाळी मशीन लावून घरात बसलो होतो. ही चहा घेऊन आली, शेजारी टेकली. श्वास सोडताना तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. लांब. मी कप खाली ठेवला. विचारलं, हे कधीपासून?

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "दोनदा सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही 'बरं' म्हणालात."